सतरावा प्रश्न

वकिली शाळेत शिकवता येत नाही, असं मनोहर पांढरीपांडे यांचं ठाम मत होतं, आणि हे मत ज्याने ऐकलं नाही असा मराठी माणूस अमेरिकेतल्या पार्सिपनीच्या पंचक्रोशीत उरलेला नव्हता. कुणाकडे सत्यनारायण असो की कुणाच्या मुलीचं ग्रॅज्युएशन, पहिली वाढ संपली की मनोहररावांचं सुरू व्हायचं. ही अमेरिकन लॉ स्कुलं म्हणजे काय, तर पोरांना तीन वर्षं जुने निकाल चघळायला द्यायचे. शिकवणारा मास्तर असा, की ज्याने जन्मात एका साक्षीदाराचा उलटतपास घेतलेला नाही. पोरगं बाहेर पडतं तेव्हा त्याला साधं वकीलपत्र भरता येत नाही. आम्ही नागपुरात सकाळच्या कॉलेजात एलएल. बी. केलं, हजेरी लावली आणि पळालो. वकिली शिकलो ती भाकरे वकिलांच्या टेबलाशी, त्यांच्या फायली वाहून. पक्षकाराला काय बोलू द्यायचं नाही, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं असतं, असा प्रश्न टाकून ते ताक मागून घेत.

त्यांनी स्वतः इथे येऊन एक वर्षाचं एलएल. एम. केलं होतं, न्यूयॉर्कची सनद त्याशिवाय मिळत नव्हती म्हणून. ते वर्ष आपण झोपून काढलं, हेही ते अभिमानाने सांगत. त्यांचं ऑफिस रूट फॉर्टीसिक्सवर, किराणा आणि आयब्रोवाल्या बाईंच्या मधल्या गाळ्यात होतं. एच-वन, ग्रीन कार्ड, कुणाच्या आईवडिलांचा व्हिसा, अशी कामं. साक्षीदाराचा उलटतपास घेऊन त्यांनाही आता बावीस वर्षं झाली होती, पण ते कुणी बोलून दाखवत नसे.

त्यांचं बोलणं मनापासून खरं मानणारं एकच माणूस होतं, आणि ती म्हणजे सावनी करंदीकर. त्यांचे जुने स्नेही संजीव आणि रेखा यांची एकुलती एक मुलगी. मनोहररावांचा स्वतःचा मुलगा संगणकात गेला, लांब फ्रिस्कोला घर घेऊन बसला, आणि कायदा हा शब्द काढला की फोन आईकडे द्या म्हणायला लागला. सावनी मात्र सोळाव्या वर्षापासून दर उन्हाळ्यात त्यांच्या ऑफिसात येऊन फायली लावायची. पक्षकार उठून गेला की ती विचारायची, काका, तुम्ही त्याला हे का सांगितलं आणि ते का नाही. असा प्रश्न विचारणारं कुणी भेटलं की वय झालेल्या वकिलाचं काय होतं, ते वकिलालाच ठाऊक. त्यांच्या पत्नी मालिनीताई म्हणायच्या की सावनी येणार असली की हे इस्त्रीचा शर्ट घालतात.

म्हणूनच २००१ सालच्या ऑक्टोबरात, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना, सावनीने घरी फोन न करता मनोहरकाकांना केला. हॉस्टेलच्या खोलीत चार मैत्रिणी, बियरच्या बाटल्या, आणि दारात कॅम्पसचे पोलीस. वय एकोणीस, आणि इथे एकविसाच्या आत दारू चालत नाही. गावातल्या कोर्टाचं समन्स हातात पडलं होतं आणि कॉलेजची तंबी वेगळी. ती हुंदके देत एकच गोष्ट परत परत सांगत होती, की बाबांना कळता कामा नये. मनोहरराव स्वतः गेले नाहीत, पण कोर्टात काय घालायचं, कुठे मान खाली घालायची, काय बोलायचं आणि कुठे गप्प बसायचं, हे त्यांनी तिला फोनवर शिकवलं. तिने शिक्षेऐवजी समाजसेवा म्हणून वीस तास वाचनालयात पुस्तकं लावली आणि केस डिसमिस झाली. तेव्हा मनोहररावांनी तिला शब्द दिला की ही गोष्ट दोघांतच राहील.

आता संजीवरावांबद्दल सांगायला हवं. औषधांच्या कंपनीत क्वालिटीचं काम करणारा हा माणूस घरातून बाहेर जाणारा प्रत्येक फॉर्म लाल पेन घेऊन वाचायचा. मग त्याची झेरॉक्स काढायची, पंच करायची आणि वर्षाच्या फायलीत लावायची. सावनीच्या गोवराच्या इंजेक्शनापासून ड्रायव्हिंग लायसन्सपर्यंत सगळं तळघरात क्रमाने उभं होतं. मुलगी एकवीस वर्षांची झाली म्हणून ही पद्धत बदलावी, असं त्यांच्या मनातही आलं नाही.

लॉ स्कूलचा अर्ज आला तो २००३ च्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत. सावनी तो घेऊन थेट काकांच्या ऑफिसात आली. सतरावा प्रश्न होता, तुमच्यावर कधी कुठला आरोप ठेवला गेला आहे का, कॉलेजने कधी कारवाई केली आहे का. तिने विचारलं, हे लिहायचं ना? मनोहरराव त्या वेळी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढत होते. एच-वनच्या फॉर्मवरचा स्वल्पविराम सोडत नसलेल्या या माणसाने तो कागद हातातसुद्धा घेतला नाही. सरकारचा फॉर्म असता तर त्यांनी चष्मा लावला असता. हा शाळेचा फॉर्म, मास्तर लोकांनी बनवलेला.

"डिसमिस झालं म्हणजे झालंच नाही," ते म्हणाले. "कोर्टच म्हणतंय झालं नाही, तर तू कशाला म्हणतेस? आणि संजीव हा फॉर्म वाचणार आहे."

सावनीने 'नाही'वर खूण केली. संजीवरावांनी त्याच संध्याकाळी फॉर्म वाचला, एका ठिकाणी पिन कोड दुरुस्त केला आणि झेरॉक्स फायलीत लावली. सतराव्या प्रश्नाखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती, खटला निकाली निघाला असला वा रद्द झाला असला तरीही सांगावे. ती ओळ मनोहररावांनी वाचली ती तीन वर्षांनी.

तेव्हा २००६ ची दिवाळी होती आणि करंदीकरांकडे फराळाला तीस माणसं होती. सावनी शेवटच्या वर्षात. न्यूयॉर्कमधल्या एका फर्मने तिला नोकरी देऊ केली होती, आणि संजीवराव ती गोष्ट चकली वाढताना प्रत्येकाला नव्याने सांगत होते. सावनीने काकांना तळघरात नेलं आणि फायलीतली ती झेरॉक्स काढून पुढे ठेवली. वकिलांच्या नीतिनियमांचा एक वर्ग तिला होता. त्या वर्गातल्या प्रोफेसरबाई म्हणाल्या होत्या की प्रवेशअर्जात कुणाचं काही राहिलं असेल तर आत्ताच डीनकडे जाऊन सांगा. शिकत असताना सांगितलं तर बहुतेकांना माफ होतं. सनदेच्या वेळी उघड झालं तर मग दारूचा गुन्हा बाजूला राहतो आणि लपवल्याचा गुन्हा उरतो.

मनोहररावांनी खिशातून चष्मा काढून ती ओळ वाचली. आपण चुकलो हे त्यांना त्या क्षणी स्वच्छ कळलं. त्याच्या पाठोपाठ दुसरंही कळलं, की डीन विचारणार, असं का केलंस, आणि मुलगी सांगणार, एका अ‍ॅटर्नीने सांगितलं म्हणून. सनद असलेल्या माणसाने फॉर्मवर खोटं लिहायला सांगितलं, एवढं वाक्य त्याची सनद धोक्यात आणायला पुरे होतं. वर तीस माणसं फराळ करत होती आणि त्यांतल्या निम्म्यांचे फॉर्म त्यांच्या ऑफिसात पडलेले होते.

त्यांनी चष्मा मिटवला आणि हसून म्हणाले की मास्तर लोकांना घाबरवायचाच पगार मिळतो. सनदेच्या वेळी बघू. आत्ता कुठे राख उकरतेस. सावनीचा चेहरा मोकळा झाला. काकांनी सांगितलं म्हणजे झालं. पहिल्यांदा जे झालं ती चूक होती. दुसऱ्यांदा जे झालं ते चुकून झालं नव्हतं, आणि मनोहररावांना ते जिना चढतानाच माहीत होतं.

सावनी पहिल्या फटक्यात बारची परीक्षा पास झाली. सनदेच्या अर्जात तिने सगळं लिहिलं, तारखेसकट, कारण तिथे खोटं लिहायला तिचा हात धजला नाही आणि काकांनीही या वेळी अडवलं नाही. सनद देणाऱ्या समितीने लॉ स्कूलमधून जुना अर्ज मागवला. दोन कागद शेजारी ठेवायला कितीसा वेळ लागतो. सुनावणीचं पत्र घरी आलं आणि सवयीने संजीवरावांनी ते फोडलं. जी गोष्ट त्यांना कळू नये म्हणून एवढं रामायण घडलं होतं, ती त्यांना पहिल्याच परिच्छेदात कळली. रेखाताई दोन दिवस जेवल्या नाहीत. संजीवरावांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी पत्राची झेरॉक्स काढून २००८ च्या फायलीत लावली, आणि मुलीशी बोलणं बंद केलं.

चारित्र्याची साक्ष द्यायला सावनीने नाव दिलं होतं मनोहर पांढरीपांडे, अ‍ॅटर्नी, यांचं.

मे महिन्यात ते दोघं सुनावणीसाठी ऑल्बनीला निघाले. ड्राइव्ह मनोहरराव करत होते. तीन तासांच्या त्या रस्त्यावर सावनी खिडकीबाहेर बघत होती, आणि मनोहरराव मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. त्यांनी ठरवलं होतं. खरोखर ठरवलं होतं. आदल्या दिवशी मालिनीताईंना सांगून टाकलं होतं आणि त्या एवढंच म्हणाल्या होत्या की सांगा. ते समितीला सांगणार होते की सल्ला माझा होता, दोन्ही वेळचा. माझं जे व्हायचं ते होवो. किंग्स्टनच्या आसपास त्यांना अनेक महिन्यांनी छाती हलकी वाटली, इतकी की त्यांनी गाडी थांबवून दोघांसाठी कॉफी घेतली. सावनीला सांगावं असं तेव्हा मनात आलं. पण तिला आधी सांगितलं तर तिने साक्ष पढवून आणली असं दिसेल, असा वकिली विचार आडवा आला. चांगलं काम करतानासुद्धा त्यांना गप्प बसायचं कारण सापडलं.

आधी तिला आत बोलावलं. ते बाहेरच्या बाकावर बसले. चाळीस मिनिटांनी ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण चेहऱ्यावर एक समाधान होतं, परीक्षेत अवघड प्रश्न सोडवून आलेल्या मुलीचं.

"काका, डोन्ट वरी," ती हळू आवाजात मराठीत म्हणाली. "त्यांनी विचारलं, डिड एनीवन अ‍ॅडव्हाइज यू. दोनदा विचारलं. मी नो म्हटलं. माझं मीच ठरवलं म्हटलं. तुमचं नाव नाही घेतलं."

मनोहररावांच्या हातातला कॉफीचा रिकामा पेला चेपला गेला. "सावनी," ते म्हणाले, "तुला शपथ दिली होती?"

"हो," ती म्हणाली. "पण तुम्ही काका आहात ना."

मोठ्यांचं नाव पुढे करून स्वतःची सुटका करून घ्यायची नाही, हे तिला तिच्या आईने शिकवलं होतं. पक्षकाराला काय बोलू द्यायचं नाही, ते काकांनी. लॉ स्कूलने जे शिकवलं होतं ते या दोन्हींपुढे टिकलं नाही. तेवढ्यात दार उघडलं आणि एका बाईंनी मिस्टर पांढरीपांडे असं नाव अडखळत वाचलं.

आत तीन वकील होते. मधले म्हातारे गृहस्थ पिकल्या भुवयांचे आणि बोलायला गोड. त्यांनी सुरुवातच अशी केली की मनोहररावांना वाटलं हा माणूस आपल्या फराळाच्या पंगतीत बसून गेलाय. लॉ स्कुलं हल्ली सगळं शिकवतात, ते म्हणाले, पण प्रामाणिकपणा वर्गात शिकवता येत नाही. तो वयस्कर वकिलाच्या हाताखाली राहूनच अंगी येतो. मिस करंदीकर सांगतात की या व्यवसायाबद्दल जे काही त्यांना येतं ते त्या तुमच्या ऑफिसात शिकल्या. हे खरं का?

"हो," मनोहरराव म्हणाले. त्या खोलीत ते एवढं एकच पुरतं खरं बोलले.

मग म्हाताऱ्यांनी विचारलं की लॉ स्कूलचा अर्ज भरला तेव्हा तुम्हाला त्या खटल्याची माहिती होती का. मनोहररावांच्या ओठांवर सगळी वाक्यं तयार होती. पण आता ती उच्चारली तर पलीकडच्या बाकावर बसलेली मुलगी, पाच मिनिटांपूर्वी शपथेवर खोटं बोललेली ठरत होती. नाही उच्चारली तर ती एकटी बुडत होती. दोन्हीकडून तीच बुडत होती. आणि एका दिशेला त्यांची स्वतःची सनद सुखरूप होती. आपण तिच्यासाठी गप्प बसतोय की स्वतःसाठी, हे त्यांना त्या वेळी ठरवता आलं नाही आणि नंतरही कधी आलं नाही.

"मला आठवत नाही," ते म्हणाले. आठवत नाही हे उत्तर कुणालाही खोटं पाडता येत नाही, हे भाकरे वकिलांनी त्यांना पहिल्याच वर्षी शिकवलं होतं.

ऑगस्टमध्ये निकाल आला. सनद नामंजूर, दोन वर्षांनी पुन्हा अर्ज करता येईल. मुलगी हुशार आहे, खटला क्षुल्लक होता, असं समितीने लिहिलं होतं. एखाद्या विश्वासातल्या माणसाने तिची दिशाभूल केली असती तर विचार वेगळा झाला असता, पण तसं खुद्द अर्जदाराचं म्हणणं नाही. फर्मने चार ओळींचं पत्र पाठवून नोकरी मागे घेतली. त्या वर्षी फर्मांना तशीही माणसं नकोच होती.

मनोहरराव दोन दिवस बसून समितीला पत्र लिहीत होते. सगळं लिहिलं, तळघरासकट. मग सावनीला बोलावून दाखवलं. तिने ते शेवटपर्यंत वाचलं आणि घडी घालून त्यांच्या पुढे ठेवलं. "आता पाठवलंत तर मी दोनदा खोटी ठरते, काका," ती म्हणाली. "मग दोन वर्षांनीपण नाही मिळणार." तिचं बरोबर होतं. खरं बोलायलाही मुदत असते आणि ती टळून गेली होती. त्यांनी पत्र फाडलं आणि तुकडे टोपलीत टाकले.

पुढच्याच रविवारी संजीवराव आले. एवढा कडक माणूस, पण त्या दिवशी सोफ्याच्या टोकावर पाहुण्यासारखा बसला. मुलीने काळं फासलं, म्हणाले, पण तू आपलं काम टाकून तिच्यासाठी तिथवर गेलास. "मनोहर, तुझे उपकार कसे फेडू," असं म्हणून त्यांनी मित्राचा हात हातात घेतला. मालिनीताई चहा न विचारता आत निघून गेल्या. मनोहररावांना वाटलं, या माणसाने आपल्याला एक थोबाडीत मारावी. पण हात सोडवून घ्यायचंही धैर्य त्यांना झालं नाही.

सप्टेंबरपासून सावनी त्यांच्या ऑफिसात यायला लागली. वकील म्हणून नाही. वकील म्हणवून घ्यायची तिला बंदी होती. फॉर्म टाइप करायला, फायली लावायला, सोळाव्या वर्षी करत होती तेच काम. काका हे का आणि ते का नाही, असं आता ती विचारत नसे. फराळाच्या पंगतीत कुणी लॉ स्कूलचा विषय काढलाच, तर मनोहरराव उठून पाणी प्यायला जात. लोकांना वाटलं, म्हातारपण आलं.

ऑक्टोबरात एका दुपारी चँडलरहून एका मुलाचा फोन आला. प्रथमेश नावाचा पुण्याचा इंजिनियर, चिपच्या कंपनीत होता, ग्रीन कार्डचा शेवटचा फॉर्म भरायचा होता. फोन स्पीकरवर होता आणि सावनी समोर बसून टाइप करत होती. बोलता बोलता तो अडखळला. विद्यार्थी असताना पार्कमध्ये बियरची बाटली उघडली म्हणून एकदा पोलिसांनी चिठ्ठी दिली होती.

"पण ते डिसमिस झालं, काका," तो म्हणाला. "लिहायलाच पाहिजे का? वाइफला माहीत नाहीये. फॉर्म तीपण बघणार."

सावनीची बोटं कीबोर्डवर थांबली. तिने मान वर केली नाही. मनोहररावांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला, आणि फॉर्मवरचा प्रश्न खालच्या बारीक ओळीसकट वाचला.

"लिहायचं," ते म्हणाले. "डिसमिस झालं असलं तरी लिहायचं. कोर्टाचा कागद मागवून सोबत जोडायचा. आणि बायकोला आजच सांग."

एवढंच ना, म्हणून तिकडच्या मुलाने सुटकेचा श्वास टाकला, थँक्यू काका म्हटलं आणि फोन ठेवला. सावनीने 'होय'च्या चौकटीत खूण केली. मग खुर्ची वळवून तिने पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मनोहररावांना निदान सोसायला काहीतरी मिळालं असतं.

"काका," तिने विचारलं, "एवढंच म्हणायचं होतं?"

मनोहररावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हो," ते म्हणाले. "एवढंच."

तिने मान डोलावली आणि पुढचा प्रश्न वाचायला घेतला.